अनुदानाचा अर्ज: आधी कागद, मग हिशेब, मजकूर सगळ्यात शेवटी

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यात आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे, सहा वर्षं झाली. चार गावांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आमच्या बायका जाऊन येतात, बीपी-शुगर बघतात, सरकारी दवाखान्यातून औषधं आणून देतात. वर्षाचा खर्च सव्वातीन लाखांच्या आसपास, तो मुंबईकर मंडळ आणि गावातल्या देणग्यांतून निघतो. हेच काम आणखी सहा गावांत न्यायचं आहे. एका कम्युनिटी फाउंडेशनने स्थानिक संस्थांकडून एका वर्षासाठी अर्ज मागवलेत. मर्यादा ८ लाख, मुदत २५ दिवस. गेल्या वर्षी दुसरीकडे ११ लाखांची रुग्णवाहिका मागितली होती, तेव्हा ‘विचार होऊ शकत नाही’ एवढंच कळवलं गेलं. एक गृहस्थ १० टक्के घेऊन प्रस्ताव लिहून द्यायला तयार आहेत. एका विश्वस्तांचा मुलगा अमेरिकेत आहे, तोही संस्थेचा वाटा म्हणून काही रक्कम घालतो म्हणतो. सुरुवात कुठून करू? — सचिव

उत्तर:

सचिव ताई, नमस्कार.

दहा टक्क्यांचं आधी निकालात काढू. नको म्हणा. चार लाख मंजूर झाले तर त्यातले ४० हजार तुम्ही कोणत्या शीर्षाखाली दाखवणार? मंजूर अंदाजपत्रकात ते शीर्ष नसतं, आणि दुसऱ्या शीर्षात कोंबलं तर विनियोग प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसे ठरल्या कामावरच खर्च झाले असं लिहून देतो त्या कागदावर, खोटं लिहावं लागतं. शिवाय अशी माणसं एकच मजकूर चार संस्थांना देतात आणि छाननी करणाऱ्याच्या टेबलावर तो शेजारी शेजारी येतो. इंग्रजी तपासून हवं असेल तर ठरलेली फी संस्थेच्या स्वतःच्या पैशांतून द्या, निकाल काहीही लागो.

अमेरिकेतल्या मुलाबद्दल एकच प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? तो अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने पैसे देत असेल, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणारं) कार्ड असलं तरी तो परकीय स्रोत. मग गणपतीत गावी आल्यावर रुपयांत दिलेली रक्कमही एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. आणि त्या नोंदणीसाठी तीन वर्षांचं काम आणि त्या तीन वर्षांत मूळ उद्दिष्टांवर किमान १५ लाखांचा खर्च लागतो. तुमचा दहा लाखांच्या आतबाहेर भरेल. तेव्हा अमेरिकन नागरिक असेल तर त्याचं नाव या अर्जात नको.

आता फाउंडेशनकडे वळू. कम्युनिटी फाउंडेशनमध्ये पैसा एका घराण्याचा किंवा एका कंपनीचा नसतो. एखाद्या शहरासाठी किंवा प्रदेशासाठी अनेक दात्यांनी ठेवलेले छोटे-मोठे निधी एका छत्राखाली असतात. अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये १९१४ साली हा प्रकार सुरू झाला. आपल्याकडे मुंबईत १९९१ साली स्थापन झालेला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट त्याच वळणाचा. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की तुमच्या अर्जामागे नेमका कुठला निधी उभा राहू शकतो ते आधी माहीत हवं. आरोग्याचा, ज्येष्ठांचा, की एखाद्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठी बाजूला काढलेला पैसा? कंपनीचा पैसा असेल तर तुमच्याकडे सीएसआर-१ (असा पैसा घेऊन काम करणाऱ्या संस्थांची नोंदणी) चा क्रमांक हवा, तो १ एप्रिल २०२१ पासून बंधनकारक आहे. तसाच तीन वर्षांच्या कामाचा पुरावाही हवा.

म्हणून पहिल्या दोन दिवसांत मार्गदर्शक सूचना दोनदा वाचा आणि मग फाउंडेशनला फोन करा. संस्थेची कीर्ती सांगू नका, तीन प्रश्न विचारा: आमचा तालुका तुमच्या कार्यक्षेत्रात येतो का? मानधनावर निम्म्याहून जास्त खर्च असलेला प्रस्ताव चालतो का? वर्षाला सव्वातीन लाख खर्च करणाऱ्या संस्थेने किती मागणं तुम्हाला रास्त वाटेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी आडून मिळतं, पण मिळतं. कमाल मर्यादा ८ लाख आहे म्हणून ८ लाख मागणं ही नव्या संस्थांची ठरलेली चाल असते, आणि तिथेच देणाऱ्याच्या मनात येतं की सव्वातीन लाख सांभाळणारी माणसं एकदम सव्वाअकरा कशी सांभाळतील? चार-साडेचारच्या पुढे जाऊ नका.

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण छोट्या संस्थांचे अर्ज सर्वांत जास्त इथेच गळतात. तेही मजकूर कुणी वाचण्याआधी.

घटना किंवा न्यासपत्र काढा आणि उद्दिष्टांचं कलम वाचा. ‘ज्येष्ठ’, ‘आरोग्य’, ‘वैद्यकीय साहाय्य’ यांपैकी काही तिथे आहे का? फक्त ‘शैक्षणिक व सांस्कृतिक’ असेल तर त्या कामासाठी पैसे घेणंच अडचणीचं आहे. तसं असेल तर या फेरीत थांबा आणि वकिलाला भेटा.

मग धर्मादाय कार्यालयाचा शेड्यूल १ चा उतारा, म्हणजे तिथल्या नोंदवहीतली तुमच्या संस्थेची नोंद. त्यावरची विश्वस्तांची नावं आजची आहेत का? कुणी वारलं, कुणी राजीनामा दिला, नवीन कुणी आलं, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे सगळे म्हणतात तो चेंज रिपोर्ट, दाखल करायचा असतो. अनेक संस्थांचा तो राहिलेला असतो किंवा दाखल होऊन पडून असतो. पडून असणं हा तुमचा दोष धरला जात नाही. दाखल केल्याची पोच, अर्ज क्रमांक आणि सभेचा ठराव जोडा, आणि एका ओळीत स्थिती लिहा. लपवलं तर अडचण होते, कारण अर्जावर सही करणारी व्यक्ती उताऱ्यावर नसते आणि ते पहिल्या नजरेत दिसतं.

नावाचं स्पेलिंग बघा. नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, बँकेचं खातं, १२ए (संस्थेच्या करमाफीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराच्या करसवलतीची), दर्पण (सरकारचं स्वयंसेवी संस्थांचं) पोर्टल या सहा ठिकाणी ते अक्षरशः एक हवं. ‘प्रतिष्ठान’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ‘एच’चा फरक असला की पोर्टल पॅन जुळवून घेत नाही आणि मुदतीच्या आदल्या रात्री तुम्ही अडकता. फरक निघालाच तर पॅनवरचं नाव अर्जात वापरा आणि बाकीची दुरुस्ती सुरू केल्याचं पत्र ठेवा.

१२ए आणि ८०जी आता कायमस्वरूपी नसतात. प्रमाणपत्रावर कालावधी छापलेला असतो. तो प्रकल्पाच्या मधेच संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी गेला पाहिजे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ चा कायदा घेतो, त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात. देणाऱ्याच्या फॉर्मवर कुठले क्रमांक आहेत आणि तुमच्या प्रमाणपत्रावर कुठले, हे सीएकडून एकदा ताडून घ्या.

तीन वर्षांचे ऑडिट अहवाल पूर्ण द्या: ताळेबंद शेड्यूल ८, उत्पन्न-खर्च पत्रक शेड्यूल ९, ऑडिटरचा अहवाल, आयटीआर-७ (संस्थेचं आयकर विवरणपत्र) ची पोच. देण्याआधी स्वतः देणाऱ्याच्या नजरेने वाचा. ‘इतर खर्च’ हे शीर्ष सगळ्यात मोठं आहे का? एखाद्या विश्वस्ताचं संस्थेला कर्ज दिसतंय का? त्याला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. एका माणसाला एका दिवशी १० हजारांवर रोखीने दिलेत का? आयकरात तो खर्च धर्मादाय वापर म्हणून धरला जात नाही, आणि जाणता वाचक नेमकं हेच शोधतो. असं काही असेल तर दोन ओळींचा खुलासा सीएच्या सहीने जोडा. विचारायची वाट बघू नका.

हे सगळं पहिल्या आठवड्यात. त्याच आठवड्यात विश्वस्तांच्या सभेची नोटीसही काढा, कारण अर्ज करण्याचा आणि सही कोण करणार याचा ठराव लागेल. घटनेत सात दिवसांची नोटीस लिहिलेली असताना तीन दिवसांत झालेली सभा पुढे कुणीही उकरून काढू शकतं.

आता हिशेब. अर्जाचा जीव इथे आहे. गेल्या वर्षीचं तुमचं अंदाजपत्रक आम्ही पाहिलेलं नाही, पण ११ लाखांची रुग्णवाहिका म्हटल्यावर बरंच कळतं. गाडी घेता येते. चालक, डिझेल, विमा, देखभाल दुसऱ्या वर्षी कोण देणार, याचं उत्तर सव्वातीन लाखांच्या संस्थेकडे नसतं. वस्तू मागणं सोपं आणि चालवण्याचा खर्च मागणं अवघड, हा समज या वेळी सोडा.

रकमेपासून सुरू करू नका, पायांपासून करा. सहा नव्या गावांत २४० ज्येष्ठ आहेत असं धरू. (तुमच्या वाडीवार यादीत जे येतील तेच लिहा. यादी नसेल तर ती या आठवड्यात घरोघर जाऊन करा: वय, एकटे की जोडीने, चालता येतं का, चालू औषधं, आरोग्य केंद्र किती किलोमीटर.) एका सहायिकेकडे ६० जण, महिन्यात प्रत्येकी दोन भेटी, म्हणजे १२० भेटी. महिन्याला २० दिवस धरले तर दिवसाला सहा. कोकणात एका वाडीतून दुसरीकडे जायला चढण-उतार असतो, सहाच्या वर जाऊच नका. म्हणजे सहायिका चार.

पहिला महिना प्रशिक्षण आणि नोंदींचा, तिथे भेटी मोजायच्या नाहीत. उरले ११ महिने: २४० गुणिले २ गुणिले ११ म्हणजे ५,२८० भेटी. जुलै-ऑगस्टमध्ये वहाळ भरतात, लावणी असते, तिथे महिन्याला एकच फेरी धरा. ४८० वजा, उरल्या ४,८००. हा आकडा लिहा आणि वजाबाकी कशी आली तेही लिहा. शहरात बसलेल्या परीक्षकाला या एका ओळीतून कळतं की अर्ज करणारा माणूस त्या वाटेने चाललेला आहे.

खर्च असा बसतो (दर नमुन्याचे आहेत, तुमच्या बाजारातले घाला):

चार सहायिकांचं अर्धवेळ मानधन ४,५०० गुणिले १२ महिने: २,१६,०००
चौघींचा प्रवास, प्रत्येकी महिना ८०० गुणिले ११: ३५,२००
समन्वयक ९,००० गुणिले १२: १,०८,०००
बीपी मशीन पाच, त्यातलं एक राखीव: १०,०००
ग्लुकोमीटर चार: ४,०००
शुगरच्या पट्ट्या १,०००, दर १५ रुपये: १५,०००
लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), कापूस, सुया टाकायचे डबे: ४,०००
डॉक्टरांची महिन्याला एक फेरी, २,५०० गुणिले ११: २७,५००
तीन दिवसांचं प्रशिक्षण: ९,०००
नोंदवह्या, छपाई: ६,०००
हिशेब लेखन व ऑडिट: १८,०००
एकूण: ४,५२,७००

पट्ट्या १,००० का? सगळ्यांची पहिली तपासणी २४०, मधुमेहाचे ६० जण धरून महिन्याला एक याप्रमाणे ११ महिने ६६०, मिळून ९००, वाया जाणाऱ्या ९० धरून ९९०. असं टिपण प्रत्येक ओळीपुढे हवं. आणि खरेदी एकदम करू नका. बाटली उघडली की पट्ट्या काही महिन्यांतच वापराव्या लागतात, दमट हवेत तर झाकण घट्ट राहिलं नाही तरी आकडे चुकतात. चार सहायिकांकडे चार उघड्या बाटल्या असणार, तेव्हा ५० ऐवजी २५ च्या बाटल्या घ्या आणि दोन हप्त्यांत घ्या.

समन्वयक जुन्या चार गावांचंही काम बघणार असेल तर तिचं पूर्ण मानधन इथे लावू नका, वाटणी दाखवा. एकच पगार दोन देणाऱ्यांकडून घेतल्यासारखं दिसणं यापेक्षा वाईट काही नाही. उलट ऑडिट, हिशेब, छपाई हे खर्च लाजून वगळू नका. ‘सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च फक्त ५ टक्के’ असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही. फाउंडेशनने स्वतःची वेगळी मर्यादा लिहिली असेल तर मात्र ती पाळावीच लागते.

मुंबईकर मंडळ ५२,७०० देणार असेल तर मागणी नेमकी ४ लाख होते. मंडळाचं पत्र जोडा, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. ग्रामपंचायतीने दिलेली खोली किंवा स्वयंसेवकांचा वेळ वेगळ्या रकान्यात दाखवा, रोख वाट्यात मिसळू नका. एका भेटीचा खर्च ९४ रुपये पडतो, तो तुम्हीच काढून द्या. नाहीतर परीक्षक काढतोच, आणि कधीकधी चुकीचा काढतो.

कॉर्पस (कायम ठेवायचा मूळ निधी) म्हणून काही मागू नका. फाउंडेशन स्वतः सार्वजनिक न्यास असेल तर दुसऱ्या न्यासाच्या कॉर्पसला दिलेला पैसा त्यांना करात धर्मादाय वापर म्हणून दाखवता येत नाही. साध्या देणगीचाही ८५ टक्केच भाग धरला जातो.

आता कुठे लिहायला बसा. मराठीत लिहा, अर्ज इंग्रजीत हवा असेल तर नंतर करा. गरज सांगताना ‘ज्येष्ठांची विदारक परिस्थिती’ वगैरे दोन पानं नकोत. तुमची वाडीवार यादीच ते काम करते: २४० पैकी एकटे किती, आरोग्य केंद्रापर्यंत स्वतः चालत जाऊ न शकणारे किती.

एक प्रश्न नक्की येणार: आशा आहेत, उपकेंद्रात बीपी-शुगर तपासतात, औषधं फुकट मिळतात, मग तुम्ही कशाला? याचं उत्तर आधीच द्या. उपकेंद्रात औषध आहे, गुडघे दुखणारी आजी तिथवर पोहोचत नाही. सहायिका नोंद करते, औषध आणते, संपत आलं की आठवण ठेवते. ती औषध ठरवत नाही आणि मात्रा बदलत नाही, हे वाक्य ठळक लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं पत्र मिळवा. त्यात संदर्भित रुग्ण तपासण्याची आणि वापरलेल्या सुयांचे डबे स्वीकारण्याची संमती असू द्या. सरकारी पत्राला वेळ लागतो, म्हणून त्याच्या मागे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच लागा.

परिणाम लिहिताना हात आखडता घ्या. ‘२४० ज्येष्ठांचं आरोग्य सुधारेल’ हे मोजता येत नाही. ‘भेटींच्या पहिल्या महिन्यात दोन वेगळ्या दिवशी १४०/९० च्या वर बीपी आढळलेल्यांपैकी किमान ७० टक्के पुढच्या महिन्याभरात डॉक्टरांपर्यंत पोहोचतील’ हे मोजता येतं, आणि कुठल्या वहीतून मोजणार तेही सांगता येतं. असे तीन निकष पुरे. आठ लिहिलेत तर वर्षअखेरीस आठही द्यावे लागतील.

वर्ष संपल्यावर काय, या रकान्यात ‘शासनाकडे पाठपुरावा करू’ असं सगळेच लिहितात. तुम्ही सरळ लिहा की दुसऱ्या वर्षी मशीन, प्रशिक्षण हे खर्च नसतील, मंडळाकडून इतके आणि गावांकडून इतके येतील, आणि तरीही इतकी तूट राहील. तूट मान्य केलेला अर्ज जास्त खरा वाटतो.

भरून झाल्यावर दुसऱ्या माणसाला, शक्यतो खजिनदारांना, एकच काम द्या: २४०, ४, ४,८००, ४,५२,७०० हे आकडे मजकुरात, अंदाजपत्रकात, वेळापत्रकात आणि आवरणपत्रात सगळीकडे तेच आहेत का बघायचं. शेवटच्या दिवशी एका ठिकाणी पाच गावं आणि दुसरीकडे सहा, असं सर्रास होतं.

अपलोड किमान दोन दिवस आधी. पीडीएफच्या आकाराची मर्यादा पाहून कागद कृष्णधवल स्कॅन करा, पण शिक्के वाचता आले पाहिजेत. फायलींना ‘स्कॅन००१’ऐवजी ‘ऑडिट_२०२३-२४’ अशी नावं द्या. पोचपावतीचा क्रमांक छापून ठेवा.

छाननीत पुढे गेलात तर कुणीतरी भेटीला येईल. मंडप, हार, नारळ नको. सहायिकेसोबत त्यांना दोन घरी न्या आणि जुन्या चार गावांच्या वह्या खुल्या ठेवा, खाडाखोडीसकट. एका हाताने एका दिवशी लिहिलेली वही लगेच ओळखू येते.

मंजुरी आली तर करारनाम्यात हप्ते कसे, एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवायला लेखी परवानगी कधी लागते आणि न खर्चलेली रक्कम परत करायची का, हे सहीआधी वाचा. पहिला हप्ता उशिरा येणं नेहमीचंच, म्हणून सहायिकांची नेमणूक पैसे खात्यात आल्यावर करा. अनुदानासाठी वेगळं बचत खातं नसेल तर निदान वेगळी खातेवही ठेवा, आणि प्रत्येक बिल संस्थेच्या नावाने घ्या. औषध दुकानदार सवयीने ‘कॅश’ लिहून देतो, ते बिल ऑडिटर बाजूला काढतो. ८०जी ची पावती दिली असेल, तर त्या देणगीचं विवरण आयकर पोर्टलवर ३१ मेपर्यंत भरून देणाऱ्याला प्रमाणपत्र द्यायचं असतं. उशिराला दिवसाला २०० रुपये पडतात, आणि ते कुठल्याच अनुदानात बसत नाहीत.